पाळकसाहेबांचा आठ

सकाळचे सहा वाजले होते, आणि आम्ही चौघे ख्रिस्ती माणसं आधी प्रार्थना करून मग विटा सरकवायला लागलो.

प्रार्थना पाटोळे सरांनी केली. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या चर्चचे सेक्रेटरी. दुसऱ्या कुणी केलेली प्रार्थना वरपर्यंत पोचते की नाही याबद्दल त्यांना कायम शंका असे. डिसेंबरची थंडी, आरटीओच्या टेस्टचं ओसाड मैदान, आणि सर तपकिरी सुटात टाय लावून उभे. "हे प्रभू," ते म्हणाले, "आज दहा वाजता तुझ्या सेवकाची परीक्षा आहे. त्याचा मार्ग रुंद कर." चर्चचे बाकीचे दोघे पंच "आमेन" म्हणाले. रुंद मार्ग माणसाला कुठे नेतो हे शास्त्रात स्वच्छ लिहिलं आहे, आणि सर स्वतः ते संडे स्कूलच्या पोरांकडून पाठ करून घेत. पण एवढ्या थंडीत कुणाला काय काय आठवणार?

"शांतवन, उचल," सर म्हणाले.

शांतवन म्हणजे मी. शांतवन अमोलिक, प्रोप्रायटर, एबेनेजर मोटार ड्रायव्हिंग स्कूल. गावातल्या लोकांना एबेनेजर हे माझ्या आजोबांचं नाव वाटायचं. वास्तविक ते एका धोंड्याचं नाव आहे. इथवर देवानं साथ दिली, याची आठवण म्हणून कुणी एकानं शास्त्रात तो धोंडा उभा केला होता. मी मात्र त्या सकाळी धोंडे सरकवत होतो.

ज्यांनी टेस्ट न देताच लायसन काढलं आहे, म्हणजे माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी, त्यांच्यासाठी सांगतो. पक्कं लायसन पाहिजे असेल तर मैदानावर चुना लावलेल्या विटांनी आठचा आकडा आखलेला असतो. त्यातून गाडी काढून दाखवायची. चाक विटेला लागता कामा नये. बाकी इन्स्पेक्टर काय विचारतो ते त्याच्या पोटदुखीवर अवलंबून.

आमच्याकडे ही पद्धत कागदावर होती. प्रत्यक्षात ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं फायलीचा वरचा कोपरा दुमडायचा. कोपरा दुमडला, म्हणजे इन्स्पेक्टरनं काय समजायचं ते समजायचा. उमेदवार समोरच्या टपरीवर चहा प्यायला बसे, आणि चहा निवायच्या आत पास होई. अशी माझी शाळा अकरा वर्षं छान चालली होती. माझ्या हाताखालून गेलेली निम्मी माणसं रस्त्यावर दिसली की मी स्वतः फुटपाथवर चढायचो.

मग सत्त्याण्णव साली हिवाळे साहेब बदलून आले. याकोब हिवाळे. पहिल्याच रविवारी ते चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर येऊन बसले आणि मला आनंदाचं भरतं आलं. आपला माणूस! सोमवारी मी तीन फायली कोपरे दुमडून घेऊन गेलो. साहेबांनी एकेक कोपरा सरळ केला, वरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कागद नीट ठेवत जा, अमोलिक." तिघेही नापास झाले.

देवाला भिणारा माणूस चर्चमध्ये शेजारी बसला तर बरं वाटतं. तोच ऑफिसात टेबलापलीकडे बसला तर त्याच्यासारखा ताप नाही.

त्यात चर्चनं जीप घेतली. जुनीच, पण जीप. आमच्या चर्चखाली पाच खेडी होती आणि पाळकसाहेब, रेव्हरंड मनोहर उजागरे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकलवरून ती पाच खेडी करत. यंदाच्या नाताळात पाळक जीपमधून गेला पाहिजे, असा ठराव पाटोळे सरांनी मांडला. ड्रायव्हर ठेवण्यापेक्षा पाळकानंच शिकावं असंही ठरलं. शिकवायला घरचाच माणूस होता.

मी पाळकसाहेबांना चार दिवस शिकवलं. एकवीस दिवस शिकवल्याचा दाखला सहीशिक्क्यानिशी दिला. देवाचा माणूस आहे, पुढचं देव बघेल, असा माझा हिशेब.

देवानं नाही, हिवाळे साहेबांनी बघितलं. त्यांची एक पद्धत होती. हातात कागद आणि पेन्सिल घेऊन ते मैदानाच्या मध्ये उभे राहत. कागदावर आठ काढलेला असे. ज्या विटेला चाक लागेल त्या जागी एक ठिपका. नापास झालेल्याला तो कागद देऊन टाकत, कुठे चुकलं ते कळावं म्हणून. पहिल्या वेळी पाळकसाहेबांच्या कागदावर अकरा ठिपके पडले. दुसऱ्या वेळी नऊ ठिपके, आणि एक कुत्रं थोडक्यात वाचलं. पाळकसाहेबांनी दोन्ही कागद गीतांच्या पुस्तकात जपून ठेवले.

आता नाताळला दोन आठवडे राहिले होते. पंचमंडळी हिवाळे साहेबांच्या घरी गेली. मीही होतो. साहेबांनी चहा दिला, शेव दिली.

"साहेब, आपल्या पाळकसाहेबांचं जरा बघा की," पाटोळे सर म्हणाले.

"बघतोच आहे, सर. मागच्या खेपेला नऊ होते."

"तसं नव्हे. देवाच्या कामासाठी गाडी आहे."

"म्हणून तर. देवाच्या कामाला निघालेली गाडी कुणाच्या अंगावर गेली तर जास्त वाईट दिसेल. शेव घ्या."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "नियम माणसाला मारतो आणि आत्मा जिवंत करतो, हे या माणसाला कुणीतरी सांगायला पाहिजे." सांगणार कोण, हे मात्र ठरेना. म्हणून विटा सरकवायचं ठरलं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आदल्याच रविवारी पाळकसाहेबांनी शेताच्या बांधाविषयी उपदेश केला होता. चर्चमधल्या दोन भावांनी एकमेकांचा बांध कोरायला घेतला होता, दोन बैल जातील एवढ्या बांधावर आता शेळी चालेना. पाळकसाहेब म्हणाले की, जुन्या माणसांनी घातलेली हद्दीची खूण जो हळूच सरकवतो तो शापित, मग ती वीतभर का सरकवेना. सगळ्यात मोठ्यानं "आमेन" पाटोळे सर म्हणाले होते. मंगळवारी सकाळी तेच सर माझ्यासमोर उभे राहून सांगत होते, "फूटभर सरकव. वीतभरानं काय होतंय!"

मैदानाच्या फाटकाची चावी रंभाजीकडे असायची. रंभाजी खेमनर, रोजंदारीवरचा पहारेकरी. आठ वर्षं रोजंदारीत काढली होती आणि त्याला कायम करायची फाईल आता कुठे हलली होती. त्याला मी फाटकातच म्हणालो, "रंभाजी, गारठलास. जा, चहा पिऊन ये. मी आहे इथं."

"व्हय मास्तर," म्हणून तो गेला. माझ्यावर त्याचा विश्वास होता. माझ्यावर बऱ्याच जणांचा असायचा.

आदल्या संध्याकाळी रंभाजीनं विटांना ताजा चुना दिला होता आणि रात्रीच्या दवानं तो वाळला नव्हता. सर पावलांनी अंतर मोजत होते, दुसरे पंच वितीनं, तिसरे नुसत्या अंदाजानं. विटा मी उचलत होतो. मध्ये मध्ये सरांनीही चार उचलल्या, कारण मी फार सावकाश करतोय असं त्यांचं मत पडलं. चाळीसेक विटा झाल्या. उजेड आल्यावर पाहिलं तर तो आठ नव्हता. भोपळ्यावर भोपळा ठेवला होता. त्यातून पाळकसाहेबच काय, उसाची बैलगाडी गेली असती.

"स्तुती असो," सर म्हणाले.

एका गोष्टीकडे मात्र आम्हा चार शहाण्यांचं लक्ष गेलं नाही. वीट उचलली की तिच्या जागी जमिनीवर चुन्याची पांढरी चौकट राहते.

दहाला वीसेक उमेदवार जमले. पाळकसाहेब पांढरा झगा सोडून साध्या कोटात आले होते, जीप चर्चमधल्या, ड्रायव्हरकी करणाऱ्या एकानं आणून उभी केली होती. पंच तिघे पालकांसारखे एका बाजूला. हिवाळे साहेब टेबलावरून उठले, हातात टेप. मैदानात दहा पावलं गेले आणि थांबले. मग उकिडवे बसून त्यांनी एका पांढऱ्या चौकटीवर बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि उठून परत टेबलाशी आले. टेप त्यांनी उघडलाच नाही.

"रंभाजी."

रंभाजी पुढे झाला.

"काल फाटक कुणी लावलं?"

"म्या, साहेब."

"आज उघडलं कुणी?"

"म्याच."

"चावी कुणाकडं असते?"

"माझ्याकडं."

"मग विटा सरकल्या, तर रिपोर्टात मी नाव कुणाचं लिहायचं?"

रंभाजीनं मान खाली घातली. "आता नाव तर माझंच येनार की साहेब."

साहेबांनी समोर कागद ओढला. असल्या रिपोर्टानंतर कायम होणं तर सोडाच, दुसऱ्या दिवशी कामावरही कुणी घेत नाही, हे तिथल्या टपरीवाल्यालाही माहीत होतं.

मी पाटोळे सरांकडे बघितलं. सरांनी खिशातून छोटा नवा करार काढला होता आणि ते त्यात गढून गेले होते. दुसरे पंच चष्मा पुसत होते. तिसऱ्यांना आकाशात काहीतरी दिसलं होतं. मीही काही कमी नव्हतो. सकाळी मी हात धुतले होते, पण नखांत आणि बोटांच्या बेचक्यात चुना तसाच होता. मी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

तेवढ्यात पाळकसाहेब पुढे आले. त्यांची नजर सरांच्या सुटावर गेली होती. तपकिरी बाहीवर पांढरा पट्टा चांगला उठून दिसत होता. त्या भाबड्या माणसाला एका क्षणात सगळं कळलं. चेहरा एवढासा झाला.

"साहेब," ते म्हणाले, "विटा सरकल्या त्या माझ्यासाठी. रंभाजीचं नाव नका लिहू, माझं लिहा."

"पाळकसाहेब, हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केले. स्वच्छ होते.

"दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला एकजण येऊन गेला," हिवाळे साहेब म्हणाले. "ते काम झालेलं आहे. तुम्ही गाडीपाशी थांबा."

मग ते खुर्चीवर बसले, खिशातून ब्लेड काढलं आणि पेन्सिलला टोक करायला घेतलं.

इतक्या सावकाश पेन्सिल तासताना मी कुणाला बघितलेलं नाही. जणू पुढच्या नाताळपर्यंत त्यांना दुसरं कामच नव्हतं. टोक झालं. त्यांनी ते उजेडात धरून बघितलं, टेबलावर दाबलं आणि मोडलं. मग पुन्हा तासायला लागले. मला वाटलं, सरकारी पेन्सिल, दुसरं काय होणार.

त्या वेळात मी पुष्कळ विचार केला. नाव सांगितलं तर शाळेचा परवाना जाणार. घरात बायको, दोन पोरी, दारात एबेनेजरची पाटी. शिवाय विटा काही मी एकट्यानं सरकवल्या नव्हत्या. कल्पना सरांची, प्रार्थना सरांची, माझे फक्त हात. आणि रंभाजीला साहेब खरंच काढतील कशावरून? ओरडतील, सोडून देतील. माणूस ख्रिस्ती आहे. दुसऱ्याच्या ख्रिस्तीपणावर माझा फार भरवसा होता.

रंभाजीनं कमरेच्या करदोट्याची गाठ सोडली. त्यात मैदानाची चावी अडकवलेली असायची. त्यानं चावी काढली, धोतराला पुसली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं बघितलं असतं तर कदाचित मी गप्प राहू शकलो असतो.

"साहेब," कुणीतरी म्हणालं. आवाज इतका चिरका होता, की तो माझा आहे हे मलाच उशिरा कळलं.

साहेबांनी मान वर केली नाही.

"विटा मी सरकवल्या. रंभाजीला चहाला मीच पाठवलं होतं. त्याला काही माहीत नाही." मी हात खिशातून बाहेर काढले.

साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं. नुकतंच झालेलं टोक टेबलावर दाबून त्यांनी दुसऱ्यांदा मोडलं. पुन्हा ब्लेड घेतलं.

"एकट्यानं?"

चाळीस विटा. पाटोळे सरांनी नव्या कराराचं पान उलटलं.

"बाकीच्यांचं बाकीच्यांना विचारा, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी कुणालाच विचारलं नाही. पेन्सिल तासून होईपर्यंत ते थांबले, मग म्हणाले, "आणखी काही?"

मला तोंड उघडायला वेळ लागतो, पण उघडलं की ते कुठे मिटायचं हे कळत नाही. "पाळकसाहेबांचा दाखला खोटा आहे," मी म्हणालो. "एकवीस दिवस नाही शिकवलं. चार दिवस शिकवलं."

"पाळकसाहेब?" साहेबांनी विचारलं.

"चारच," पाळकसाहेब जीपपाशी उभे राहून म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "त्यातले दोन दिवस आम्ही मयतीला गेलो होतो. तेव्हा गाडी अमोलिकच चालवत होते."

वीस उमेदवार हसले. हिवाळे साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागद जरा तोंडासमोर धरला.

"लेखी दे," ते मला म्हणाले. "शाळा तीन महिने बंद. पुन्हा असं झालं तर कायमची. आणि आधी विटा जागेवर लाव." रंभाजीची चावी त्यांनी बोटानं त्याच्याकडे सरकवली. "फाटकावर जा. उमेदवार उन्हात उभे आहेत."

टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं साहेबांनी. मी एकेक वीट तिच्या चौकटीत ठेवत गेलो. चौथ्या विटेला शेजारी एक माणूस वाकला. पाळकसाहेबांनी कोट काढून जीपवर टाकला होता आणि ते दोन-दोन विटा उचलत होते. त्यांचेही हात चुन्यानं भरले. पंच तिघे मात्र महत्त्वाच्या कामासाठी निघून गेले होते.

त्यानंतर पाळकसाहेबांची टेस्ट झाली. आठ ठिपके.

"सुधारणा आहे," हिवाळे साहेब म्हणाले, आणि कागद त्यांच्या हातात दिला.

रविवारी चर्चमध्ये पाटोळे सरांनी साक्ष दिली. सैतान आपल्याच माणसांचा कसा वापर करून घेतो यावर ते वीस मिनिटं बोलले. डोळ्यांत पाणीही आलं. मग पंचांच्या सभेत माझ्याबद्दल 'चिंता' व्यक्त करणारा ठराव झाला, आणि दानाची थाळी फिरवायचं माझं काम काढून घेण्यात आलं. हिवाळे साहेब तिसऱ्या बाकावर होते. उपासना संपल्यावर ते दाराशी आले, सगळ्यांशी हात मिळवले, सरांशीही, माझ्याशीही. "सलाम, अमोलिक," म्हणाले. "तीन महिने मोकळा आहेस. पाळकसाहेबांना शिकव."

शिकवलं. दुसरं करायला होतंच काय? जीप माझ्या हाती द्यायला पंच तयार नव्हते, म्हणून नाताळात पाळकसाहेबांना माझ्या स्कूटरच्या मागे बसवून पाचही खेडी केली. पाचव्या खेड्यात पोचेपर्यंत दोघांची तोंडं धुळीनं अशी माखली, की तिथल्या लेकरांना वाटलं नाताळचं नाटक आहे. रोज सकाळी चर्चमागच्या मोकळ्या जागेत मी विटा मांडायचो, मोजून, टेप लावून. तो माणूस शिकवायला फार कठीण होता. वळण आलं की पाय ब्रेकवर आणि डोळे आकाशाकडे. "पाळकसाहेब, डोळे उघडे ठेवून प्रार्थना करा," मी सांगायचो. एखाद्याला खरंच गाडी शिकवायला किती दिवस लागतात ते मला अकरा वर्षांनी कळलं. एकवीस पुरत नाहीत.

चौथ्या टेस्टला दोन ठिपके. त्यातला एक मला काही दिसला नव्हता, पण पाळकसाहेबच म्हणाले, "लागलं, लागलं. मला चाकात जाणवलं." पाचव्या टेस्टला, मार्चमध्ये, कोरा कागद. हिवाळे साहेबांनी तो त्यांना दिला आणि पाळकसाहेबांनी तो असा धरला, की लायसन घ्यायचं विसरून ते तेवढाच घेऊन चालले होते. मे महिन्यात पाळकसाहेबांची बदली झाली. नव्या चर्चला जीप नव्हती, सायकल होती. देवाच्या विनोदबुद्धीबद्दल मी काय बोलू?

हे सगळं मी इतकी वर्षं असंच सांगत आलो. बैठकीत सांगितलं की लोक हसतात. सरांच्या बाहीवरच्या पट्ट्याशी जास्त हसतात. शेवटी मी म्हणायचो, "बघा, अमोलिकला एकदाच खरं बोलायची बुद्धी झाली, आणि तीन महिने उपास घडला." माझ्या हिशेबानं त्या दिवशी रंभाजीला मी वाचवलं होतं. तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मनात होतंच.

मग गेल्या महिन्यात रंभाजी शाळेत आला. पंच्याहत्तरी गाठलेली, काठी हातात. तो पुढं कायम झाला, रिटायर झाला. नातीला घेऊन आला होता.

"मास्तर, हिला गाडी शिकवा. पर खरीखुरी बरं का. चार दिसाची नको."

मी हसलो, चहा मागवला. नात बाहेर गाडी बघायला गेली. हिवाळे साहेबांचा विषय निघाला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. रंभाजी बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसला.

"मास्तर, एक सांगू का? आता साहेब बी न्हाईत, म्हनून सांगतो."

"सांग की."

"त्या दिवशी म्या चहाला गेलो, तर टपरीवरनं मैदान समदं दिसत व्हतं. सुटातली मानसं इटा उचलतेत म्हनल्यावर म्या दोन कप घेतले." तो हसला. "नऊला साहेब आलं, तवा त्यांना समदं सांगून टाकलं. कोन कोन व्हतं, त्ये बी."

माझा कप हातातच राहिला. "म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं?"

"व्हय की. म्या म्हनलं, साहेब, नावं लिवा आन् मोकळं व्हा. तर म्हनले, न्हाई. रंभाजी, तुला मी धक्का लागू देनार न्हाई, पर जरा मान खाली घालून हुभा ऱ्हा. त्यांना बोलू दे."

मी आठवून बघितलं. फाटक कुणी लावलं, उघडलं कुणी, चावी कुणाकडे, नाव कुणाचं लिहायचं. सगळे प्रश्नच. साहेब त्या दिवशी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. आणि रंभाजीही नाही.

"म्या त्यांना म्हनलं बी," रंभाजी सांगत होता, "साहेब, त्यो अमोलिक मास्तर कशाला बोलतोय? आठ वर्सं बघतोय म्या त्याला. तर साहेब म्हनले, 'बोलेल. त्याला जरा वेळ लागेल, पण बोलेल.'"

"आणि सरांचं? पाटोळे सरांचं काय म्हणाले?"

"त्येंच्याबद्दल बी त्येच म्हनले," रंभाजी म्हणाला.

पेन्सिलचं टोक पहिल्यांदा मोडलं ते माझ्यासाठी होतं. दुसऱ्यांदा मोडलं ते सरांसाठी. त्यानंतर आठ वर्षं, सर जाईपर्यंत, साहेब दर रविवारी दाराशी त्यांचा हात हातात घेऊन उभे राहत. आम्हाला वाटायचं, काय गप्पा मारतायत एवढ्या. गप्पा कसल्या, ते वाट बघत होते.

बाहेर नातीनं गाडीत बसून जोरात हॉर्न वाजवला. "चला मास्तर," रंभाजी काठी टेकत उठला. मी डोळे पुसले, खुंटीवरचा टेप घेतला आणि मागच्या मैदानावर विटा मोजायला गेलो. खरं तर त्या मी सकाळीच मोजल्या होत्या.